होडीच्या इंजिनाचं गिअर ऑइल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना लावा

कोऱ्हाळे बुद्रुकच्या आसपास, नीरा–बारामती रस्त्याच्या कडेनं, ट्रॅक्टर आणि अवजारं दुरुस्त करणारे हात भरपूर आहेत. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस आणि उसापायी ट्रॅक्टर, अशी ही साखळी. खोडवा मोडताना रोटाव्हेटरच्या शाफ्टला पाचट गुंडाळतं, कधी ठिबकची तुटकी नळी गुंडाळते. ती हळूहळू बेरिंगच्या अंगाला सरकते, ऑइल सील खाते आणि नव्वद नंबर तेल वावरात ठिबकायला लागतं. हे दुखणं इथल्या मेकॅनिकला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

नेमकं हेच दुखणं शेजारच्या इंदापूर तालुक्यात पाण्याखाली होतं. उजनी धरणाच्या फुगवट्यात भिगवण, कुंभारगाव, पळसदेव, कळाशी या पट्ट्यात मासेमारी चालते. हिवाळ्यात पक्षी बघायला लोक येतात आणि होड्यांना काम मिळतं. ज्या होडीला मागं आउटबोर्ड इंजिन आहे, त्या इंजिनाच्या पायात, पाण्याखाली बुडालेला, एक छोटा गिअरबॉक्स असतो. वरून उभा शाफ्ट येतो, खाली पिनियन, त्याला लागून पुढचा आणि मागचा असे दोन गिअर आणि त्यातून आडवा निघणारा पंख्याचा शाफ्ट. पाचटाच्या जागी इथे जाळ्याचा तंगूस असतो, एवढाच फरक. म्हणून माझं सांगणं असं, की रोटाव्हेटरचं सील नीट बदलणारा माणूस हे कामही करू शकतो. पण त्याआधी दोन-तीन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या समजून घ्याव्या लागतील.

सगळ्यात मोठा फरक हा. रोटाव्हेटरचं तेल गळलं तर तेल कमी होतं. होडीच्या गिअरबॉक्सचं तेल गळलं तर तेल कमी होतंच, शिवाय त्याच वाटेनं पाणी आत येतं. इंजिन चालताना गिअरबॉक्स गरम होतो, आतलं तेल आणि हवा फुगते, दाब वाढतो आणि थकलेल्या सीलमधून थेंब बाहेर पडतो. इंजिन बंद झालं की आजूबाजूचं गार पाणी गिअरबॉक्सला लगेच थंड करतं, आतला दाब उतरतो आणि सील बाहेरचं पाणी आत ओढतं. दिवसातून चार फेऱ्या मारणाऱ्या होडीत हे चार वेळा घडतं. पाण्यावर दिसणारा तेलाचा तवंग हा नुकसानीचा लहान भाग झाला. खरं नुकसान आत होतं. पाणी मिसळलेलं तेल गिअरच्या दातांवर टिकत नाही, बेरिंगच्या गोळ्यांना गंज चढतो, आणि होडी महिनाभर काठाला पडून राहिली तर तो गंज बेरिंग संपवतो. पाचशे-हजाराच्या कामाचं पुढं गिअर आणि बेरिंगचा संच बदलण्याचं काम होतं.

म्हणून तेल कमी झालंय का, हे नुसतं बघून थांबू नका. तेलाचा रंग बघा.

इंजिन एक रात्र सरळ उभं राहू द्या, म्हणजे पाणी तळाला बसेल. सकाळी खाली परात ठेवून तेलाचा फक्त खालचा स्क्रू थोडा ढिला करा, वरचा उघडू नका. पाणी तेलापेक्षा जड असतं, त्यामुळे आत पाणी असेल तर पहिले थेंब पाण्याचेच येतील. मग वरचा स्क्रू काढा आणि तेल पूर्ण उतरू द्या. मधासारखं किंवा वापरून काळपट झालेलं, पण स्वच्छ तेल आलं, तर पाणी शिरलेलं नाही. दुधाळ, चहात साय ढवळल्यासारखं तेल आलं, तर पाणी आत शिरलंय. खालच्या स्क्रूच्या टोकाला बऱ्याच इंजिनांत लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप असेल तर चिंता नको, ती रोजची झीज आहे. मात्र टोकदार कीस किंवा कपऱ्या दिसल्या तर नुसतं सील बदलून भागणार नाही, गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागेल.

इथे एक सावधगिरी. काही जुन्या इंजिनांत तळाच्या स्क्रूजवळ दिसायला तसाच आणखी एक स्क्रू असतो. तो तेलाचा नसून आतली गिअर बदलणारी खीळ धरून ठेवणारा असतो. तो काढला की खीळ सुटते आणि मग गिअरबॉक्स उघडल्याशिवाय ती परत बसत नाही. इंजिनाची पुस्तिका किंवा गिअरबॉक्सच्या डब्यावरची खूण बघितल्याशिवाय पाना लावू नका. तेलाचे स्क्रू काढताना खाचेत पुरेपूर बसणारा रुंद पेचकस वापरा. घट्ट बसला असेल तर हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट पेचकस घ्या. अरुंद पेचकसानं खाच एकदा फाटली की पुढं ड्रिल लावायची वेळ येते.

आता गळती कुठून आहे, हे शोधायचं. या कामात लोक सगळ्यात जास्त घाई करतात, आणि वायाही इथेच सगळ्यात जास्त पैसा जातो. पंख्याच्या मागं काळं तेल दिसलं की सरळ सील मागवलं जातं. पण बऱ्याच आउटबोर्डमध्ये इंजिनाचा धूर पंख्याच्या मधल्या नळीतूनच पाण्यात सोडलेला असतो. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं, पूर्ण न जळलेलं तेल त्या धुराबरोबर तिथं जमतं. ते पातळ, काजळीसारखं काळं असतं आणि त्याला पेट्रोलच्या धुराचा वास येतो. गिअर ऑइल दाट असतं, दोन बोटांत धरून ओढलं तर तार सुटते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं झाकण ज्यानं उघडलंय, त्याच्या नाकाला तो वास लगेच ओळखू येईल. माझ्या माहितीतल्या एका होडीचं सील धुराच्या तेलापायी दोनदा बदललं गेलं. गिअर ऑइलची पातळी मात्र दोन्ही वेळा पुरी होती.

गिअरबॉक्स बाहेरून डिझेलनं पुसा, मग कोरड्या फडक्यानं. पंखा काढून तिथली काजळीही साफ करा. तेल भरून इंजिन स्टँडवर उभं करा आणि खाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. दुसऱ्या दिवशी डाग कुठं पडलाय ते बघा. स्क्रूच्या खालून ओघळ आला असेल तर दोष बहुधा वायसरचा. पंख्याच्या शाफ्टच्या कडेनं आला असेल तर सीलचा, नाहीतर सील धरणाऱ्या बेरिंगच्या घरावरच्या ओ-रिंगचा. पाणी आत घेण्याच्या जाळीतून किंवा वरच्या जोडावरून तेल उतरत असेल तर उभ्या शाफ्टचं किंवा गिअरच्या दांड्याचं सील संशयित धरा. आणि तळाच्या पात्याजवळ डब्याला बारीक चीर आहे का, हे उजेडात नखानं चाचपून बघा. उजनीत हे विशेष लक्षात ठेवावं लागतं. उन्हाळ्यात धरण वजा पातळीत गेलं की पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावांच्या भिंती आणि चौथरे पृष्ठभागाच्या जवळ येतात. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की लोक बघायला जातात, पण त्याच दिवसांत पंखा दगडावर आदळतो आणि शाफ्टला बाक येतो.

दोष वायसरचा असेल तर काम दहा मिनिटांचं. स्क्रूखालचा फायबर किंवा नायलॉनचा वायसर एकदाच वापरायचा असतो. एकदा दाबला गेला की दुसऱ्यांदा तो नीट बसत नाही. तरी तेल बदलताना जुनाच वायसर परत लावला जातो, कारण तो दिसायला चांगला असतो. माझ्या अनुभवात गळतीच्या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात. वायसरची जोडी तेलाच्या डब्यासोबतच विकत घ्या.

वायसर नवा घालूनही गळती राहिली तर दाबाची परीक्षा घ्या. तेल काढून टाका, खालचा स्क्रू घट्ट करा आणि वरच्या भोकात बसेल अशी नळी जोडून, घड्याळ असलेल्या सायकलच्या हातपंपानं हवा भरा. आधी तीन-चार पीएसआयवर थांबा. दहाच्या वर जायची गरज नाही, आणि पुस्तिकेत कमाल दाब दिला असेल तर तो पाळा. टायरचा कॉम्प्रेसर इथे लावू नका. त्याचा दाब शंभर पीएसआयच्या घरात असतो आणि चांगलं सीलसुद्धा घरातून उडवून देतो. हलक्या दाबापासून सुरुवात करायला कारण आहे. दाब वाढला की सीलची ओठासारखी कड शाफ्टला जास्त घट्ट बिलगते, त्यामुळे तीनवर गळणारं सील दहावर कधीकधी गळत नाही. आता साबणाचं पाणी लावा, किंवा पूर्ण गिअरबॉक्स हौदात बुडवा. ट्यूबचं पंक्चर शोधावं तसे बुडबुडे शोधा. पंख्याचा शाफ्ट हातानं फिरवत राहा, गिअरचा दांडा पुढं-मागं करा, कारण काही गळत्या हालचाल झाल्यावरच दिसतात. काटा पाच मिनिटं जागचा हलला नाही, तर गिअरबॉक्स ठीक आहे.

पंख्याच्या शाफ्टचं सील बदलायचं ठरलं तर आधी स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवा आणि गिअर न्यूट्रलला आणा. हाताखाली फिरता पंखा असतो, ही खबरदारी विसरू नये. स्प्लिट पिन, नट, वायसर, पंखा, त्यामागचा जाड वायसर, हे ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं फडक्यावर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आता शाफ्टच्या मुळाशी बघा. बहुतेक वेळा तिथं गुंडाळलेला तंगूस सापडतो, उन्हानं आणि घर्षणानं वितळून कडा धारदार झालेला. तो ब्लेडनं कापताना पातं शाफ्टवर चालवू नका, बाहेरून उलगडत काढा.

सील ज्या बेरिंगच्या घरात बसलेलं असतं ते घर लहान इंजिनात दोन बोल्टनी धरलेलं असतं, मोठ्यात कधी आट्यांच्या कड्यानं. गाळ बसल्यामुळे ते अडकलेलं असतं. उजनीचं पाणी गोडं, त्यामुळे कोकणातल्यासारखं मिठानं बोल्ट धरण्याचं दुखणं इथे नाही. पण पुण्याकडून येणारं सांडपाणी, जलपर्णी आणि गाळ यांनी ही फट सिमेंट भरल्यासारखी होते. छन्नीनं कडा उचकू नका, डबा ॲल्युमिनियमचा आहे. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि दोन पायांचा पुलर लावून समान ओढा.

घर हातात आलं की त्यात बहुधा दोन सीलं मागंपुढं बसलेली दिसतील. त्यांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत, याचा फोटो काढल्याशिवाय एकही काढू नका. कुठं दोन्ही तोंडं पाण्याकडं असतात, कुठं एक तेलाकडं आणि एक पाण्याकडं. रोटाव्हेटरवर काम करणाऱ्या हाताला सवयीनं तोंड आत ठेवायची खोड असते, कारण तिथं फक्त तेल अडवायचं असतं. इथे पाणीही अडवायचंय. जुन्या सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. त्या मापाचं साधं सील बारामतीच्या बेरिंगच्या दुकानात मिळू शकेल, आणि अडीअडचणीला ते लावताही येईल. पण त्याच्या आतली स्प्रिंग साध्या लोखंडाची असेल तर पाण्यात गंजेल आणि एका हंगामात सील ढिलं पडेल. स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग असलेलं, होडीच्या इंजिनासाठीचं सील मागवणंच शहाणपणाचं. ओ-रिंगही सोबत नवीच घ्या.

नवं सील बसवण्याआधी शाफ्टवर नख फिरवा. जुन्या सीलची कड जिथं घासत होती तिथं नख अडकलं, म्हणजे खाच पडली आहे. खाच राहू दिली तर नवं सील महिन्याभरात गळेल, आणि दोष सीलचा समजला जाईल. हलका ओरखडा असेल तर बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवून घासा. लांबीच्या दिशेनं घासलं तर तेलाला बाहेर जायला वाट तयार होते. खाच खोल असेल आणि घरात जागा असेल तर सील थोडं पुढं किंवा मागं बसवून त्याची कड कोऱ्या जागेवर आणता येते. नाहीतर पातळ स्टेनलेस बाही चढवावी लागते, किंवा शाफ्टच बदलावा लागतो. शाफ्ट फिरवून शेजारी एखादी स्थिर तार धरा. शाफ्ट आणि तारेतलं अंतर कमी-जास्त होताना दिसलं तर शाफ्ट वाकलाय, आणि वाकलेल्या शाफ्टवर जगात कुठलंही सील टिकणार नाही.

घर साफ करा, सीलच्या बाहेरच्या कडेला तेलाचा हात द्या, दोन ओठांच्या मध्ये पाणी न धरणारं ग्रीस भरा. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट ठेवून, वर लाकडाचा तुकडा धरून, सरळ दाबा. वाकडं बसलेलं सील काढून परत बसवायला जाऊ नका, नवं घ्या. शाफ्टवर घर चढवताना आटे आणि स्प्लाइन यांच्यावर सेलोटेपचा एक वेढा द्या, नाहीतर नव्या सीलची कड तिथंच चिरते. बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, समान आवळा आणि दाबाची परीक्षा पुन्हा घ्या.

उभ्या शाफ्टचं सील बदलायचं असेल तर गिअरबॉक्स पायापासून पूर्ण उतरवावा लागतो, गिअरचा दांडा सोडावा लागतो आणि पाण्याचा पंप काढावा लागतो. सील त्या पंपाखाली असतं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यानं जाणत्याला जवळ बसवून करावं. पंप निघालाच आहे तर त्यातलं रबरी इम्पेलर बदलून टाका, तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उतरवायची वेळ येऊ देऊ नका.

तेल कोणतं घालायचं, याबद्दल. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत हायपॉइड गिअर ऑइल, एसएई ९०, असं सांगितलेलं असतं. त्याहून चांगलं म्हणजे होडीच्या गिअरसाठी बनवलेलं तेल. त्यात थोडं पाणी शिरलं तरी ते गिअरचं रक्षण करतं. ट्रॅक्टरच्या ऑइल ब्रेकचं आणि हायड्रॉलिकचं एकत्र येणारं तेल इथे चालत नाही. प्रमाणही फार नसतं. पंधरा अश्वशक्तीच्या इंजिनाला साधारण पाव लिटर, चाळीसच्या इंजिनाला अर्ध्या लिटरच्या आसपास. भरायचं मात्र खालून. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरल्यासारखं वाटलं तरी निम्मं रिकामं राहतं. खालच्या भोकाला पंपाची नळी लावून हळूहळू दाबा, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून चटकन खालचा. अर्ध्या तासानं वरचा स्क्रू उघडून पातळी परत बघा.

आता जे करू नये ते. गळणाऱ्या रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरून हंगाम काढायची पद्धत आपल्याकडं आहे. होडीत ती अजिबात वापरू नका. ग्रीस दातांनी बाजूला सारलं की परत येत नाही, पिनियन कोरडा राहतो आणि पाण्याच्या मधोमध जाम होतो. बाहेरून एम-सील किंवा सिलिकॉन थापून गळती बंद होत नाही, आतला दाब ते ढकलून देतो आणि पुढच्या मेकॅनिकला खरी जागा सापडत नाही. आणि तेल दुधाळ निघालं, सील आणायला मात्र आठवडा लागणार आहे, असं असेल तर गिअरबॉक्स रिकामा ठेवू नका. नवं तेल भरून शाफ्ट हातानं फिरवा, ते काढून पुन्हा भरा. दोन वेळचं तेल वाया जाईल, पण बेरिंग वाचेल.

काढलेलं तेल कालव्यात, ओढ्यात किंवा धरणात ओतू नका. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं, आणि आपल्या कालव्याचं पाणी उसाबरोबर जनावरांच्याही तोंडी जातं. वापरलेलं तेल डब्यात साठवा आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या. कायदाही तेच सांगतो.

एवढ्या बारकाईनं लिहायचं कारण पाण्यावर आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तो घात वाऱ्याचा होता, इंजिनाचा नव्हे. पण ज्या पाण्यावर वारा असा अचानक उठतो, तिथं मधोमध गिअर जाम होऊन होडी आडवी पडली तर नाव वाऱ्याकडं तोंड करून धरायला हाताशी काही उरत नाही. गळती ठाऊक असताना प्रवासी घेऊन निघू नका. वल्ही होडीत ठेवा, आणि बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असू द्या.

कंपन्या साधारण शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी तेल बदलायला सांगतात. जाळ्यांच्या पाण्यात वावरणाऱ्या होडीनं त्याची वाट बघू नये. आठवड्यातून एकदा पंखा काढा आणि शाफ्टच्या मुळाशी बघा. आणि ज्या दिवशी जाळं पंख्यात गेलं, त्याच दिवशी, होडी काठाला लागल्याबरोबर, तो तंगूस काढा.